सूज उतरेपर्यंत

पूर्णेच्या रेल्वे कचेरीपुढच्या लिंबाखाली सकाळपासून माणसं येऊन बसली होती. दवाखान्याच्या कार्डाची मुदत दरसाल संपे आणि दरसाल खिडकीतून शिक्का मारून मिळे. या वर्षी मात्र जुनी कार्डं जमा करून नवी द्यायची आणि ज्यांची नावं कार्डावर आहेत त्या सगळ्यांनी समक्ष यायचं, असा हुकूम निघाला होता. म्हणून गँगमन, खलाशी, पॉइंटमन आपापल्या बायकालेकरांना घेऊन आले होते. लेकरांच्या डोक्यांना तेल चोपडलेलं होतं, बायकांनी पेटीतली लुगडी काढली होती. पुरुषांच्या अंगात मात्र कामाचेच निळे सदरे होते, कारण दुपारी त्यांना परत रुळावर जायचं होतं.

रायभानची आई म्हाळसाबाई झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. क्वार्टरपासून कचेरी काही लांब नव्हती, पण तेवढ्यात ती तीनदा खाली बसली होती. पायांवर सूज होती. घोट्याचं हाड दिसत नव्हतं आणि बोटातली चांदीची जोडवी मांसात रुतून गेली होती. चपला पायात जात नव्हत्या म्हणून ती अनवाणीच आली होती. तिला काळजाचा आजार होता. दवाखान्यातून दोन तऱ्हेच्या गोळ्या मिळत, एक दम लागू नये म्हणून आणि एक अंगातलं पाणी उतरायला. गोळ्या चालू असल्या म्हणजे ती चूल सांभाळी, दारातल्या शेळीला पाला आणी. चार दिवस खंड पडला की तिला आडवं होता येत नसे. भिंतीला वाकळीची घडी लावून बसूनच रात्र काढावी लागे.

"आत्याबाई, पानी पिता का?" सून मनकर्णानं विचारलं. तिला सातवा महिना चालू होता आणि तीही एक हात कमरेवर देऊन उभी होती.

"नको माय. त्या गोळीनं सारखं उठावं लागतंय. इथं कुठं जाऊ?"

रायभानचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. टेबलामागं किशनराव बाबू बसले होते. ते नुकतेच बदलून आले होते. मागचे बाबू खिडकीच्या जाळीतून कार्ड घेत आणि मान वर न करता शिक्का मारत. किशनराव मान वर करून बघणारे होते.

"बायको?"

"ही, साहेब."

"आई?"

"ह्या."

किशनरावांनी चष्म्यावरून म्हाळसाबाईकडं पाहिलं. तिच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू होतं. मनगटापासून वर हिरव्या बांगड्या होत्या.

"वडील हयात आहेत?"

"हायेत," म्हाळसाबाई म्हणाली.

"म्हाईत न्हाई, साहेब," रायभान म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाप हाय का न्हाई, आदी घरून ठरवून तरी यावं माणसानं." लोक हसले. रायभाननं मागं वळून बघितलं नाही.

किशनरावांनी हातातला टाक खाली ठेवला. "हे बघ, कार्डावर बायको येते, लेकरं येतात. आई येते ती विधवा असली तरच. नवरा असला तर ती नवऱ्याच्या आधारावर, लेकाच्या नव्हे. मागं कुणी कसं लिहिलं ते मला माहीत नाही. वडील कुठं असतात?"

"दुष्काळाच्या साली मेंढरं घेऊन खाली तेलंगणात गेले, साहेब. माणसं परत आली, ते आले न्हाईत."

"काही पत्ता? निरोप?"

"दुसऱ्या साली एकानं बोधनच्या बाजारात बघितलं म्हने," म्हाळसाबाई पुढं होऊन म्हणाली. "लांबून बघितलं. चाल तीच व्हती म्हने."

"त्याला किती वर्षं झाली, बाई?"

तिला दम लागला होता. तिनं टेबलाची कड धरली तसा वरचा दौतीचा ठोकळा हलला. किशनरावांनी तो सावकाश सरळ केला.

"दोन रस्ते आहेत," ते रायभानला म्हणाले. "गावचा दाखला आण. सरपंच, पोलीस पाटील आणि भाऊबंदांचे अंगठे, की तुझा बाप येडबा आता हयात नाही. नाहीतर आईचं नाव काढतो. तुझं आणि बायकोचं कार्ड आत्ता हातात देतो. पण एकदा आई आधारावर नाही असं लिहून दिलंस, की परत चढवायला सिकंदराबादची मंजुरी लागते. ती कुणाला आलेली मी तरी बघितली नाही."

"आन तवर, साहेब?"

"तोवर नवं कार्ड कुणालाच नाही. जुन्या कार्डावर महिनाअखेरपर्यंत औषध मिळेल. बाबा रे, मी काही कुणाचं कुंकू पुसायला बसलो नाही इथं. पण खोटं लिहिलं तर उद्या माझ्यावर येतं. चल, पुढचा."

परत येताना म्हाळसाबाई लिंबाखाली बसली नाही. दम लागलेला असतानाही ती तशीच चालत राहिली. रायभान दोन पावलं मागं होता. तिच्या टाचेखाली खडी कचकचत होती.

\*

रायभानची गँग तेव्हा पूर्णेच्या पलीकडं पुलाजवळ काम करत होती. कुजलेले लाकडी स्लीपर काढून नवे घालायचे होते. पहारीनं रूळ उचलायचा, खालची खडी ओरबाडून काढायची, जुना स्लीपर ओढायचा, नवा सरकवायचा, आणि गाडी यायच्या आत खडी ठोकून बसवायची. पहार धरून धरून त्याच्या तळव्यांना खिळ्याच्या डोक्यासारखे घट्टे पडले होते. मुकादम शिट्टी वाजवी तेव्हा सगळे एकदम बाजूला होत. गाडी धडधडत जाई, आणि खिडक्यांतून लोक या माणसांकडं रुळाशेजारच्या खांबाकडं बघावं तसं बघत.

या नोकरीआधी तो रोजंदारीवर होता. तेव्हा कार्ड नव्हतं. मनकर्णाचं पहिलं बाळंतपण तेव्हाच अडलं होतं. परभणीच्या दवाखान्यात नेता नेता, बैलगाडीतच, मिरखेलच्या पलीकडं लेकरू गेलं. मुलगा होता. दोघांनी त्याबद्दल नंतर कधी बोलणं काढलं नाही. या खेपेला रेल्वेच्या डॉक्टरणीनं पोट चाचपून सांगितलं होतं, "लेकरू आडवं आहे. घरी काही करायचं नाही. कळ आली की सरळ इथं आणायचं. इथं नाही जमलं तर आम्ही पुढं पाठवू." दवाखाना क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर होता. मनकर्णा त्या भिंतीकडं बघून दिवस काढत होती.

महिना संपला. कंपाउंडरनं म्हाळसाबाईची गोळ्यांची डबी रिकामीच परत केली. रायभाननं बाजारातल्या दुकानातून थोड्या गोळ्या आणल्या. त्या पुरवून पुरवून खाल्ल्या आणि संपल्या. सूज घोट्यावरून पिंढरीवर आली, पिंढरीवरून गुडघ्यावर. बोटानं दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. दुपारी अंगणात सावली आली की म्हाळसाबाई तिथं बसे, आणि तिच्या श्वासाचा आवाज आत चुलीपाशी ऐकू येई.

एके दिवशी रायभान जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली, "मपलं नाव काढून टाक."

"जेवू दे, माय."

"जेव की. जेवता जेवता आईक. मला काय करायचंय कारड? सवाष्ण मरन येतंय मला. हिरवं लुगडं नेसून, मळवट भरून जाते. बायका नवस करतेत ह्याच्यासाठी. तू कामून आडवा यायलास?"

"आन गावात काय सांगू? नोकरी लागली, पगार चालू झाला, आन आईचं नाव खोडून आलाव म्हनू?"

"आईनंच सांगितलं म्हन."

"तू म्हनशील गं. तू मेलीस की सुटलीस. मला रोज रुळावर जायचंय."

त्यानं ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच राहिली. म्हाळसाबाईनं ती उचलून शेळीला घातली.

खरं म्हणजे तो एकदा कचेरीत जाऊन आला होता. नामांतराच्या बंदाचा दिवस होता, बाजार मिटलेला, कचेरीत किशनराव सोडून माणूस नव्हतं. त्यांनी आईचं नाव काढायचा कागद पुढं सरकवला आणि टाकही दिला. "इथं सही कर." रायभाननं टाक हातात घेतला. पहारीनं वाकलेल्या बोटांत तो नीट धरता येत नव्हता. मग टाक दौतीशेजारी ठेवून बाहेर आला. किशनरावांनी हाक मारली नाही.

फाल्गुनात एका सकाळी मनकर्णाच्या पोटात कळ आली. दिवस भरायला अजून अवकाश होता. रायभान कामावर गेलेला. म्हाळसाबाईनं शेजारणीला हाक मारली, आणि तिघी एकमेकींना धरून दवाखान्यात गेल्या. कोण कुणाला धरून चाललंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं. डॉक्टरणीनं आत घेतलं, सुई दिली, कळा थांबल्या. बाहेर पायरीवर म्हाळसाबाई बसली होती. तिच्या डोक्यावरच्या खिडकीतून कंपाउंडरचं बोलणं आलं. "आज बाईंनी बघितलं. पण हे कार्ड मेलेलं आहे. पुढच्या वेळी नवं आणा. खाट देताना मला नंबर लिहावा लागतो."

"व्हय," मनकर्णाचा आवाज आला. फार बारीक आवाज होता तो.

रायभान संध्याकाळी घरी आला तेव्हा आई दारातच बसली होती.

"गावाकडं लिंबाजीभाऊजीला सांगावा धाड," ती म्हणाली.

"कशाचा?"

"तुला ठाव हाय कशाचा." ती श्वास घ्यायला थांबली. "तू मपलं नाव धरून बसलास, मी त्येंचं धरून बसलेय. आन मदी ही पोरगी मरायलीय. कुनीतरी सोडावं लागतंय, बाबा. तुला सुटंना. मी सोडते."

रायभान उंबऱ्यावर बसला. त्याच्या सदऱ्याला रुळाच्या गंजाचा वास येत होता. आत मनकर्णा पदर तोंडात धरून पडली होती.

\*

परभणीला गाडी बदलून गंगाखेड, तिथून एस.टी. राणीसावरगावच्या अलीकडं वाडीचा फाटा. फाट्यापासून म्हाळसाबाईला बैलगाडीत घालून नेलं. वाडीत सगळी घरं मेंढरंवाल्यांचीच होती. दारोदार लोकरीचा आणि लेंड्यांचा वास होता. म्हाळसाबाईनं तो लांबूनच ओळखला आणि नाक वर करून एकदा हुंगला.

लिंबाजी हा येडबाचा चुलतभाऊ, भावकीतला वडील माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चिलीम खाली ठेवली.

"कागदावर अंगठा देऊत की. पर असाच कसा देऊ? मानूस मेला म्हनून लिहून द्यायचं, आन त्येची किरिया न्हाई केली, तर त्येचा जीव कुठं फिरंल? आन हयात आसला, तर मंग आमी जित्या मानसाला मारलं आसं व्हईल. बारा वर्सं झाली की पुतळा करून जाळायचा, ही रीत हाय आपली. झाली बारा वर्सं. आदी किरिया, मंग कागद."

"तसंच करा," म्हाळसाबाई म्हणाली.

"वैनी, तुमी मनानं म्हनायलाव ना?"

"मनानं कोन म्हनंल, भाऊजी? तोंडानं म्हनायलेय. तेवढ्यानं व्हतंय का बघा."

ओढ्याच्या काठाला, पाणी आटून राहिलेल्या डबक्याशेजारी, माणसं जमली. कडब्याच्या ताटांचा सांगाडा बांधला. त्याला हात केले, पाय केले. जोंधळ्याचं पीठ मळून तोंड केलं, कवड्यांचे डोळे बसवले. लिंबाजीचा हात पिठावर फिरत होता. म्हाळसाबाई लांब, बायकांत बसली होती, पण तिची नजर तिकडंच होती.

"नाक आसं नव्हतं त्येंचं," ती एकदम म्हणाली. "बसकं व्हतं."

"वैनी, पुतळाय त्यो. नवरदेव हाय का?" लिंबाजी म्हणाला. दोन-चार माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. लिंबाजीनं मात्र अंगठ्यानं ते नाक थोडं दाबलं.

"त्येची एखादी वस्तू पायजे वरून घालायला. जोडा, पटका, काय बी."

येडबाचं असं घरात काही राहिलं नव्हतं. जाताना होतं नव्हतं ते तो घेऊन गेला होता. म्हाळसाबाईनं रायभानकडं बघितलं. "गाठोड्यातलं घोंगडं आन."

घोंगडं काळं कुळकुळीत होतं, कधी न पांघरलेलं. येडबा मेंढरं घेऊन गेला त्या साली ती त्याच्यासाठी लोकर कातत होती. तो आला नाही तरी तिनं कातणं थांबवलं नाही. सणगराकडून विणून आणलं, लिंबाचा पाला घालून घडी करून ठेवलं. दर थंडीच्या तोंडाला ती ते उन्हात टाकी आणि परत घडी घाली. पूर्णेला आली तेव्हाही ते बरोबर आणलं होतं, आणि उरलेल्या सुताचं एक गुंडाळंही.

लिंबाजीनं घोंगडं उलगडून पुतळ्यावर घातलं. ते पायाखालीही उरलं. रायभाननं चूड लावली. कडबा लगेच पेटला. घोंगडं मात्र पेट घेईना. ते नुसतं धुपत राहिलं आणि जळक्या लोकरीचा घाण वास काठाकाठानं पसरला. म्हाळसाबाई नाकाला पदर न लावता बसली होती.

"हिवाळ्यात आता कसं करतेल?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कुणाला कळलं नाही.

मग बायकांनी तिला डबक्याशी नेलं. धुरपताबाई म्हणून भावकीतली एक म्हातारी होती, तरुणपणीच विधवा झालेली. असलं काम आलं की तिलाच बोलावत. तिनं ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. कुंकू वर्षानुवर्षांचं होतं. ते गेलं तरी खाली लाल डाग राहिला, आणि त्याच्या मधोमध लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका उघडा पडला. बांगड्या सुजलेल्या हातात घट्ट बसल्या होत्या. धुरपताबाईनं दगडावर हात आपटू दिला नाही. एकेक बांगडी लहान खड्यानं टिचकवून काढली. तरी एक काच मनगटात गेलीच. डोरलं काढलं. मग पाय हातात घेतले.

जोडवी हलेनात. तेल लावलं, ओला साबण लावला, धाग्यानं ओढून बघितलं. बोट निळं पडायला लागलं.

"कापून काढावी का?" एकजण म्हणाली.

"काय बोट कापायचंय तिचं?" धुरपताबाई तिच्या अंगावर खेकसली. मग म्हाळसाबाईला हळू म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. दवा चालू झाली की सूज उतरंल. तव्हा तुझी तूच काढ. कुनी इचारलं तर म्या सांगितलं म्हन."

त्याच दिवशी सरपंचाच्या ओट्यावर कागद झाला. लिंबाजीनं अंगठा टेकवला, तेव्हा त्याच्या नखात अजून पीठ होतं.

\*

किशनरावांनी दाखला दोनदा वाचला. मग समोर बघितलं. म्हाळसाबाई पांढऱ्या लुगड्यात उभी होती. हातात बांगडी नव्हती, मनगटाला चिंधी बांधलेली होती. ते उठले आणि कोपऱ्यातला स्टूल स्वतः आणून ठेवला.

"बसा, मावशी."

ती बसली. त्यांनी लिहिलं, टिपकागदानं टिपलं, शिक्का मारला. तिघांची नावं एका कार्डावर आली. म्हाळसाबाईचा अंगठा घेताना त्यांनी शाईची डबी तिच्या बाजूला सरकवली, तिला वाकावं लागू नये म्हणून.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"लवकर झालं," म्हाळसाबाई म्हणाली आणि अंगठा पदराला पुसत उठली. किशनराव पुढच्या माणसाला हाक मारायचं विसरून कागद सारखे करत बसले.

चैत्रात मनकर्णाला कळा लागल्या. लेकरू आडवंच होतं. डॉक्टरणीनं बाह्या वर करून ते आत फिरवलं, आणि पहाटेची नांदेडकडची गाडी शिट्टी देत गेली तेव्हा मुलगी झाली. रडली, चांगली रडली. खाटेला नंबर होता, नंबर कार्डाचा होता.

पाचव्या दिवशी सटवाई पुजायची. मनकर्णाची आई नव्हती, म्हणून शेजारच्या बायका आल्या. पाट्यावर हळदकुंकू मांडलं. म्हाळसाबाईनं सगळी तयारी केली, निरांजनात वात घातली, आणि मग आपणहून उठून दाराबाहेर जाऊन बसली. मनकर्णानं आतून हाक मारली, "आत्याबाई, या की आत!"

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "मी शेळी बघते."

शेळी दाव्याला होती आणि निवांत रवंथ करत होती.

\*

गोळ्या परत चालू झाल्या. आधी गुडघे मोकळे झाले, मग पिंढऱ्या. म्हाळसाबाई नातीला मांडीवर घेऊन न्हाऊ घालू लागली. तिचा दम कमी झाला. रात्री ती आडवी होऊन झोपू लागली. रायभान कामावरून आला की आधी तिच्या पायांकडं बघे आणि मगच हातपाय धुवायला जाई.

वैशाखात पाय परत सुजू लागले. डॉक्टरणीनं गोळी वाढवून दिली. सूज वाढतच गेली. "औषध घेतात ना?" तिनं विचारलं. "घेतात की," मनकर्णा म्हणाली. तिच्या हातूनच म्हाळसाबाई रोज गोळ्या घेत होती.

ऊन असं होतं की रूळ तापून वाकतील म्हणून गँगला दुपारी फक्त पहाऱ्यावर ठेवत. एका दुपारी रायभान लवकर घरी आला. मनकर्णा लेकराला पाजत निजली होती. त्यानं पेल्यात पाणी घेतलं, गोळ्या घेतल्या आणि आईपुढं धरल्या.

"ठिव. घेते."

"आता घे."

"घेते की रे. पोलीस हाईस का?"

तिनं गोळ्या मुठीत घेतल्या. तो तिथंच उकिडवा बसला. बराच वेळ गेला. तिची मूठ उघडली नाही. घामानं गोळ्या विरघळून बोटांच्या फटीतून पांढरं पाणी आलं.

"माय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "एवढं सगळं केलं. कडबा जाळला, तुझा हात फोडला, सगळ्या भावकीपुढं तुला... आन तू गोळ्या फेकायलीस? कशापायी केलं मंग ते?"

म्हाळसाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. लुगड्याखालून डावा पाय काढून तिनं पुढं केला. सुजलेल्या बोटात जोडवं रुतलेलं होतं. मग उजवा पाय काढला. त्या बोटाभोवती नुसता गोरा वळ होता.

"पोरीला न्हाऊ घालताना निघालं," ती म्हणाली. "आपसुक. पान्यासंगं वहात मोरीपस्तोर गेलं. म्या काढलं न्हाई, रायभान. आपसुक निघालं." ती थांबली. "धुरपता म्हनली व्हती, सूज उतरली की काढ. सूज उतरूच दिली न्हाई मंग म्या. एवढंच ऱ्हायलंय माझ्यापाशी. कुनाला दिसतंय ते? लुगड्याखाली तर हाय."

बाहेर रुळावरून ट्रॉली गेली, तिची चाकं उन्हात किणकिणत गेली.

"निघालेलं कुठं हाय?" रायभाननं विचारलं.

तिनं कमरेची चंची सोडली. पानाच्या देठांत आणि चुन्याच्या डबीशेजारी जोडवं होतं. त्यानं ते घेतलं. मग उठून आत गेला, फळीवर हात फिरवला आणि घोंगड्याच्या उरलेल्या सुताचं गुंडाळं घेऊन आला. काळी लोकर होती, हाताला खरखरीत. त्यानं दातानं एक तुकडा तोडला आणि जोडव्याच्या आतल्या अंगानं गुंडाळायला लागला. पहारीची बोटं होती, सूत सारखं निसटत होतं. तो थुंकी लावून परत बसवत होता.

"काय करायलास?"

"पाय दे."

त्यानं तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. जोडवं बोटात सरकवलं, एकदा ओढून बघितलं. निघालं नाही.

"सूज उतरली की डाव्याला बी आसंच करू," तो म्हणाला. "जितकी उतरंल तितकं सूत गुंडाळू. लय हाय सूत."

म्हाळसाबाई पायाकडं बघत होती. बोट हलवून बघितलं.

"कुनी इचारलं तर?"

"सूज हाय म्हन."

आत लेकरू कुरकुरलं आणि परत झोपी गेलं. रायभाननं डबीतून दोन नव्या गोळ्या काढल्या. म्हाळसाबाईनं मुठीतलं पांढरं पाणी लुगड्याला पुसलं आणि तोंड उघडलं.